शेगडीची तडतड

वस्तूंचं गाऱ्हाणं माणसांना ऐकू यायचं, त्या काळातली ही गोष्ट. द्वारकीचं बाळ रात्रभर तापानं तळमळून पहाटे कुठे झोपलं होतं, तोच तिची कोळशाची शेगडी तडतडू लागली.

“गप बस की गं मेले! पोर उठेल,” द्वारकी वैतागून म्हणाली. “आता भंगारातच घालते तुला.”

“बाई, मी काय हौसेनं ओरडते?” शेगडी म्हणाली. “जाळीत कालची राख तुंबलीय, श्वास घेता येत नाही. त्यात तू वरून ओले कोळसे ओततेस.”

द्वारकी वरमली. तिनं ओले कोळसे काढून बाजूला ठेवले, राख हलकेच पाडली आणि कोरडे कोळसे हातानं एकेक करून रचले. मग हळूच फुंकर घातली. शेगडी लाल फुलली, पण एक ठिणगीसुद्धा उडाली नाही.

थोड्या वेळानं सासूबाई उठल्या. “आज शेगडी पेटवलीच नाहीस का गं? कसला आवाज नाही तो!”

द्वारकीनं ओठांवर बोट ठेवलं आणि वाफाळता चहा त्यांच्या हातात दिला. आत बाळ गाढ झोपलं होतं. त्याला घाम फुटून ताप उतरला होता.