उतरवलेली तार

त्या राज्यात वाद्येच राहत असत, आणि वाजल्याशिवाय कुणाला कुणाशी बोलता येत नसे.

तिथला सगळ्यांत नावाजलेला गवई म्हणजे खेड्यातले एक तुणतुणे. खळ्यावर, जत्रेत, देवळाच्या ओट्यावर ते गाई. साथीला एक हलगी असे. हलगीला आधी जाळावर कातडे तापवून घ्यावे लागे, नाहीतर तिचा आवाजच निघत नसे. तुणतुणे तोवर थांबून राही. एका जत्रेत मात्र वाहवा ऐकून हलगी लय सोडून पुढे धावली. तुणतुणे अर्ध्या गाण्यात गप्प झाले. दोघे न बोलताच पांगली.

त्याच महिन्यात राजधानीने तुणतुण्याच्या नावाने संग्रहालय बांधले आणि त्याला पालखीतून नेले.

वर्षभराने हलगी तिथे पोहोचली. वेशीबाहेर पाचट पेटवून तिने अंग तापवले आणि ती काचेसमोर उभी राहिली.

"चुकलं माझं. मीच पळाले पुढं. आता तरी बोल."

तुणतुणे बोलले नाही.

"अजून रुसलंय वाटतं," ती देखरेखीच्या सारंगीला म्हणाली.

"छे हो, मावशी. तार उतरवून ठेवलीय. लाकडाला ताण नको."

"ताण नाही तर बोलणार कसं?"

"बोलायचं कशाला आता? सगळं राज्य बघायला येतं त्याला."

"एकदाच पिळा ना खुंटी. नुसतं 'हं' म्हणालं तरी मी घरी जाते."

"लाकडाला चीर गेलीय. फुटलं तर उद्या लोकांना दाखवू काय?"

"अहो, तीस वर्षं त्या चिरेसकटच गायलं की ते!"

सारंगी वाईट नव्हती. ती हळू आवाजात म्हणाली, "उत्सवाला तार चढवायची का, वर विचारते. तोवर राहा इथंच, त्याच्या शेजारी जागा आहे. फक्त जाळ करायचा नाही."

हलगी राहिली. रोज सकाळी ती खुंटीकडे बघे.

उत्सव आला. तुणतुण्याला सोन्याची तार बसवली, आणि तीही सैलच ठेवली. ते पाहून हलगीने ओरडायचे ठरवले. पण इतके महिने आच न लागल्याने तिचे कातडे लोंबले होते. नुसती फसफस झाली. सारंगीने तिच्यावरची धूळ मायेने पुसली, आणि तिच्यापुढेही काच लावली.

तेवढ्यात बाहेरच्या रस्त्याने ढोल-ताशांची नवी पोरे दणाणत गेली. भिंती हादरल्या आणि दालनातल्या दोन्ही काचा झणझणू लागल्या. पाहुण्यांना वाटले, ही जोडी अजून तशीच वाजते. बरेच जण डोळे मिटून डोलू लागले. एका म्हाताऱ्या झांजेने तर डोळे पुसले.