जिभाबाई गप्प बसल्या

मुखनगरीत एके काळी जिभेला भय ठाऊक नव्हतं. मग तंबाखूच्या चिमटीमागोमाग गालात गाठाबाई राहायला आल्या आणि पसरत पसरत जिभेच्या मुळाशी पोचल्या. गाठाबाईंची हाव इतकी, की येईल ते आत ओढायला त्यांची सगळी दारं सताड उघडी.

मागे औषधाचा पूर आला, तेव्हा गाठ जराशी भाजली आणि जीभ पुरती सोलून निघाली. म्हणून रक्तातून पुन्हा औषध येताना दिसलं, तशी जीभ दाढेआड दडली. या वेळी औषधाचं विष इवल्याशा बंद पुड्यांत होतं.

"भिऊ नका, जिभाबाई," एक पुडी कुजबुजली. "तुमच्या अरुंद दारांत आम्ही मावत नाही. फक्त गाठीला सांगू नका."

"काय गं जिभे," गाठ गुरकावली, "पुड्यांत काय आहे?"

जिभेनं मनात हिशेब केला. सांगितलं तर गाठ दारं लावून घेणार, आणि उद्या आपला घास. पण जन्मात तिच्याकडे गुपित टिकलं नव्हतं. तिनं स्वतःला दातांखाली घट्ट धरलं.

"जळते मेली माझ्यावर," म्हणत गाठीनं सगळ्या पुड्या गिळल्या.

थोड्या वेळानं गालातून क्षीण हाक आली, "जिभे, आग होतेय गं. बोल ना काहीतरी."

जीभ दातांखालून निघाली नाही. आता तिला आपल्याच दयेची भीती वाटत होती.