दोन छकुल्या

फार जुन्या काळी विहिरीकाठच्या बाभळीवर सुगरणी राहत. पिलू उडायला लागेपर्यंत त्याला खरं नाव द्यायचं नाही, लाडाच्या नावावर भागवायचं, अशी त्यांची रीत होती. एका सुगरणीकडे वारलेल्या बहिणीची छकुली होती. तिला घरट्याच्या तोंडाशी बसायला आवडे. पुढे सुगरणीला स्वतःची मुलगी झाली. तिलाही ती छकुलीच म्हणू लागली.

खालून टिटवी ओरडली, "अगं बाई, एका घरात दोन छकुल्या! हाक मारलीस तर आतलीच ओ देईल, बाहेरचीला वाटेल आपल्याला नाही."

"मग काय, घरटं मोडतेस माझं?"

"छे गं! मी नुसतं सांगते."

"मग सांगत बस!"

टिटवी रोज सांगत बसली.

एका दुपारी आभाळात ससाणा दिसला. सुगरण घाबरून ओरडली, "छकुले, आत ये!"

"आतच आहे गं आई!"

सुगरणीचा जीव भांड्यात पडला. दाराशी बसलेली छकुली मात्र जागची हलली नाही.

संध्याकाळी रडून रडून थकलेली सुगरण टिटवीवर उखडली, "तुझंच चुकलं! रोज रोज सांगत होतीस, म्हणून मला वाटलं, काही विशेष नसेल."