देव खाली टेकवू का, महाराज?

राजा भद्रसेनाला राई हवी होती, आणि तीही अगदी तयार!

झालं असं, की सोयरीक जुळवायला आलेल्या शेजारच्या राजानं जेवता जेवता महालामागच्या टेकडीकडे पाहिलं आणि म्हणाला, "हजामत छान झालीये हो टेकडीची!" भद्रसेनाला घास गिळवेना. टेकडीवरची झाडं तोडून त्यानंच हत्तीखान्याला खांब केले होते, पण हे कबूल कोण करतो? दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली. खांबडी गावची देवराई दसऱ्याच्या आत उपटून राजाच्या टेकडीवर आणून लावायची. जमलं नाही, तर राई तोडून मुदपाकखान्यात जळणाला जाईल!

खांबडीकरांची पाचावर धारण बसली. गावाचा एकुलता एक झरा त्या राईतूनच यायचा. राई गेली की झरा गेला, आणि झरा गेला की गाव उठलं! पाटील दाढी खाजवत बसला. भगताच्या अंगात येईना. शेवटी राईची राखण करणारी ठमा गुरवीण पदर खोचून उठली. नवरा गेल्यापासून देवाची पूजा आणि गावाची कानउघाडणी, दोन्ही तीच करायची.

"तुमी बसा इचार करत," ती म्हणाली. "मी आलेच राजाला भेटून!"

बोलली खरी, पण राजाचं डोकं फिरलं, तर आपलं धडावर राहील याची खात्री नव्हती.

"म्हाराज, राई आनते की!" ती दरबारात म्हणाली. "पर राई हाय ती, वांग्याची रोपं न्हवंत. आनायची तर समदी आनायची."

"सगळीच आण!" राजा गरजला. "एक मुंगीसुद्धा मागे ठेवलीस तर याद राख!"

"मुंगी बी न्हाई ठेवत. आन् राईसंगं राईचा देव येनार, देवाचं नेमधरम बी येनार. कबूल?"

"कबूल, कबूल! भरदरबारात शब्द देतो. नीघ आता!"

ठमानं मुजरा केला आणि गावाची वाट धरली.

चार दिवसांनी खांबडीकर वाजतगाजत राजधानीत शिरले. पुढे ढोल, मागे देवाची पालखी आणि टोपल्याच टोपल्या! राजा अंगणात धावत आला. "झाडं कुठायत?"

"झाडं मागनं! तुमीच मुंगीचं नाव घेतलंत न्हवं? म्हनून मुंगीपासनं सुरुवात!"

तिनं एका टोपलीवरचं फडकं ओढलं. आत पानं शिवून केलेली तांबड्या मुंगळ्यांची घरटी! मुंगळ्यांना राजा काय आणि रयत काय? ते थेट पीतांबरात शिरले, आणि महाराजांनी असा काही नाच केला, की ढोलवाल्यांनी ताल बदलला.

"आवर! आवर!"

"येवढ्यात? अजून जळवा हायेत, इंचू हायेत. आन् त्या झाकनाच्या टोपलीत कोन हाय, त्येचं मी दिवेलागनीला नाव घेत न्हाई."

टोपलीशेजारी दिवाणजी उभे होते. ते वयाला न शोभेल अशा चपळाईनं अंगणातल्या तोफेवर चढले.

"बरं, ऱ्हाऊ द्या टोपल्या. आधी देव बसवू," ठमा म्हणाली. पालखीत शेंदूर फासलेला गोल धोंडा होता. "नेम आयका. राईत कुऱ्हाड चालत न्हाई. पायतान चालत न्हाई. वाळली काडी बी उचलायची न्हाई. शिकार तर न्हाईच न्हाई!"

"टेकडीवर जातंय कोण?" राजा मांडी खाजवत म्हणाला. "बसव!"

"आन् राईची हद्द. देवाच्या जाग्यावरनं हाळी द्यायाची. जितवर आयकू जाती, तितवर राई!"

तिनं पदर हलवला. देव जिथं बसायचा, तिथं टेकडीवर तिचा दीर आधीच जाऊन उभा होता. जन्मभर म्हशींना हाका मारून घडलेला तो गळा! त्यानं हाळी घातली, आणि मुदपाकखान्यात आचाऱ्याच्या हातून झारा पडला. राणीवशातून कुणीतरी किंचाळलं, "कोण मेलं?"

ठमानं हात जोडले. "म्हंजी समदा म्हाल राईत आला! चुली इझवा, जोडं काढा, तलवारी भाईर ठिवा. आन् राईत मान्सानं रातचं ऱ्हायचं न्हाई. तवा गाठोडी बांधा म्हाराज, बिगी बिगी!"

"अगं, मग मी राहायचं कुठे?"

"त्ये तुमी बघा! माजं काम राई आनायचं." पालखी अजून खांद्यावरच होती. तिनं खूण केली तसे भोई वाकले. "टेकवू का देव?"

"नको! टेकवू नकोस!" म्हणत राजानं स्वतःच पालखीला खालून हात लावले.

अडकला बिचारा. शब्द मोडावा तर सगळे दात काढतील, पाळावा तर बिऱ्हाड रस्त्यावर! तसाच पालखी तोलत तो म्हणाला, "बाई, तुझी राई तुझ्या गावातच राहू दे. तिच्या पानालाही कुणी हात लावणार नाही. पण या टेकडीचं काय करू, ते तरी सांग!"

झरा वाचला! ठमाचे डोळे भरून आले, पण रडायला सवड कुठे होती?

"टेकडीचं? काय बी करू नका."

"म्हणजे?"

"कुऱ्हाड नेऊ नका, घोडी चारू नका, वनवा लावू नका. पाखरं उंबरं खात्यात, टेकडीवर येऊन शिटत्यात. त्यातनंच उगवंल. आमची राई बी तशीच उगवली."

"आणि सावली कधी पडायची?"

"तुमच्या नातवाच्या अंगावर पडंल की!"

तोफेवरून दिवाणजी ओरडले, "काहीही करायचं नाही, हे सांगायला ही बाई कशाला हवी?"

ठमा गर्रकन वळली. "दिवानजी, ह्ये करा आन् त्ये करा म्हननारं दरबारात ढीगभर हायेत! म्हाराज, गप बसा, असं राजाला सांगायला पगारी मानूसच लागतंय!"

राजानं डोळे वटारले. मग त्याच्या मिशा थरथरल्या, पोट हललं, आणि तो असा खदाखदा हसत सुटला, की पालखी डुलायला लागली आणि भोयांनी घाबरून दांडा घट्ट धरला.

"लावा हिला पगार!" हसता हसता तो म्हणाला. "आजपासून मला गप्प बसवायचं काम हिचं!"