काजळाचा ठिपका

"मग उणे दिसलं की हसायचं, की रडायचं?" बाईंनी विचारलं.

पटापलीकडे बसलेला निषाद गोंधळला. सात वर्षं परदेशात शिकून तो सांगलीला परतला होता, ते गावोगावच्या मुलांना बुद्धिबळ शिकवणारं मराठी सॉफ्टवेअर करायचं म्हणूनच. डावात कोण वरचढ आहे हे दाखवणाऱ्या त्याच्या अधिक-उण्याच्या खुणा एकाहून एक देखण्या होत्या. पण जतच्या वर्गात त्याच खुणांनी घात केला. पडद्यावर उणे दिसताच सरू नावाच्या मुलीने हाताशी आलेला डाव सोडून दिला, आणि तेव्हापासून ती वर्गाकडे फिरकली नव्हती.

बाईंनी चाळीस वर्षं मुलांना पटावर बसवलं होतं. म्हणून तो त्यांच्याकडे आला होता.

"सामन्याच्या पानावर उणे म्हणजे पांढऱ्याचं वाईट," तो म्हणाला. "सरू काळ्या मोहऱ्यांनी खेळत होती. म्हणजे तिने... हसायचं."

"आणि सरावाच्या पानावर?"

"तिथे उणे म्हणजे ज्याची चाल, त्याचं वाईट."

"म्हणजे तिथे रडायचं."

"हो."

"पोर आधी शिकली कुठल्या पानावर?"

"सरावाच्या. पण बाई, ते पान माझ्या मित्राने लिहिलंय."

"तुझा मित्र तिच्या ओळखीचा आहे का रे?"

निषादचे कान तापले. "जगात दोन्ही रीती चालतात, बाई. आणि मी खाली टीप दिली होती."

"टीप!" बाई खळखळून हसल्या. "घड्याळ पळत असताना ती टीप वाचणार होती?"

बाईंनी पट मोकळा केला.

"मांड तिचा डाव."

त्याने मांडला. आठ दिवस तो डाव त्याच्या डोळ्यांपुढून हलला नव्हता.

बाईंनी कोनाड्यातली काजळाची डबी आणली. बाळाला तीट लावावी तसा एक ठिपका काळ्याच्या बाजूला, पटाच्या चौकटीवर लावला.

"कोण वरचढ?"

"काळा."

बाईंनी मोहऱ्यांसकट पट अलगद फिरवला. "आता?"

पट फिरला तसा ठिपकाही फिरला, काळ्याला धरूनच.

"काळाच... आणि पांढरा वरचढ असला तर?"

"त्याच्या कडेला कुंकू."

"इतकंच? बाई, मी आठ महिने घालवले यात!"

बाईंनी मुलांच्या डावांच्या जुन्या वह्यांचा गठ्ठा पुढे सरकवला. पहिल्या वह्यांत बाण, फुल्या, चांदण्या; दर चार पानांनी नवी खूण. मग हळूहळू सगळं गळत गेलेलं. शेवटच्या वह्यांत नुसते लाल आणि काळे ठिपके.

"या चांदण्या कुणाच्या?"

"माझ्याच. तेव्हा मीही हुशार होते."

निषाद हसला. आठ दिवसांत पहिल्यांदाच.

"सगळ्या पानांवर एकच खूण करतो, बाई. सोमवारपर्यंत!" तो उत्साहाने मोहरी गोळा करायला वाकला.

बाईंनी त्याचं मनगट धरलं.

"तिने डाव सोडला, तेव्हा चाल कुणाची होती?"

"तिचीच..."

बाईंनी पदराच्या टोकाने काजळाचा ठिपका पुसून टाकला.

"मग पट आवरू नकोस. कोण वरचढ, ते तिचं तिला ओळखू दे. जा, तिला घेऊन ये."