सव्वीस की अठ्ठावीस

“माझं नाव गाळायची त्यांची हिंमतच कशी झाली, सर?”

डॉ. शलाका थोरवेनं हातातलं जर्नल स्टुलावर आपटलं. ताटलीतल्या लसणाच्या पाकळ्या उडून फरशीवर पडल्या.

डॉ. दाऊद मुजावर खाली वाकले. एकेक पाकळी उचलून त्यांनी पुन्हा ताटलीत ठेवली. वय अठ्ठ्याहत्तर. छातीच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या कितीतरी डॉक्टरांनी त्यांच्या हाताखाली पहिला टाका घातलेला. निवृत्तीनंतर मिरजेतल्या घराच्या ओसरीवर दुपारी बसायचं, येईल त्याचं ऐकायचं आणि बायको सांगेल ते निवडून, सोलून द्यायचं, असा त्यांचा शिरस्ता होता.

“कुणी गाळलं?”

“रांगणेकर सरांनी. आमच्या विभागप्रमुखांनी! क्षयानं सडलेला फुफ्फुसाचा भाग काढल्यावर श्वासनळीचं कापलेलं तोंड उरतं ना, ते बरगड्यांमधल्या स्नायूच्या पट्टीनं झाकायची माझी पद्धत. चार वर्षं मी एकेक ऑपरेशन करून ती बसवली. हे थिएटरमध्ये दोनदा आले, तेही फोटोपुरते. आणि लेखावर नाव यांच्या एकट्याचं! विचारलं तर म्हणतात, नजरचुकीनं राहिलं.”

“चोरीच आहे ही,” सर म्हणाले.

एवढं तरी कुणीतरी म्हणालं! शलाकाच्या अंगात बळ आलं. तिनं जर्नलचं शेवटचं पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. पुण्यातल्या एका नव्या हृदय आणि छातीच्या रुग्णालयाला प्रमुख शल्यचिकित्सक हवा होता. पहिला लेखक म्हणून छापलेलं संशोधन असणं ही अट. मुलाखत पुढच्या गुरुवारी.

“ही जागा माझी आहे, सर. या लेखावर माझं नाव असतं तर कुणाची टाप नव्हती मला डावलायची.”

मग तिनं पर्समधून तक्रारीचं पत्र काढलं. चार पानं, दोन्ही बाजूंनी भरलेली. तारखा, वेळा, कुठल्या दिवशी कोण काय म्हणालं, सगळं.

सरांनी चष्मा पुसला. आधी पत्र वाचलं. मग लेख वाचला. वाचायला बराच वेळ घेतला…

“संपादक माझा विद्यार्थी,” ते म्हणाले. “माझा शब्द खाली पडू देणार नाही. पुढच्या अंकात दुरुस्ती येईल, तसं पत्र गुरुवारच्या आधी तुझ्या हातात पडेल. तुझं नाव पहिलं.”

शलाकाला रडू फुटायचंच बाकी होतं.

सरांनी फोन उचलला, नंबर शोधला. बटणावर अंगठा टेकवणार, तोच थांबले.

“पेशंट किती सांगू?”

“लेखात आहेत तेवढेच. सव्वीस.”

“एकही मृत्यू नाही. चाळीस वर्षांत मला हे जमलं नाही… तू केलेस किती?”

तिनं जर्नल मिटून मांडीवर घेतलं.

“किती केलेस, शलाका?”

“अठ्ठावीस.”

“मग दोघं कुठं गेले?”

“…गेले, सर.”

सरांनी फोन पालथा ठेवला.

“ते मी गाळले नाहीत!” शलाका उसळली. “रांगणेकरांनी गाळले. म्हणाले, उशिरा आलेले पेशंट होते, ते मोजायचे नसतात.”

“हा लेख तू वाचलास कितीदा?”

“दहा-बारा वेळा.”

“या पत्राची चार पानं भरलीस. त्या दोघांना ओळी किती?”

शलाकाच्या कानशिलांना चटका बसल्यासारखं झालं. न्याय मागायला आली होती ती, आणि इथं तिचीच उलटतपासणी!

“तुम्ही त्यांची बाजू घेताय, सर? चोरी त्यांनी केली आणि बोलणी मी खायची? मी बाई आहे म्हणून मला गाळलं, गावाकडची आहे म्हणून गाळलं, ते काहीच नाही?”

“गाळलं. त्याचा राग यायलाच हवा.” म्हाताऱ्याचा आवाज एकदम चढला. तसा आवाज तिनं शिकत असताना एकदाच ऐकला होता. “पण तुझा राग मला फार कमी वाटतो! उद्या लातूरचा, गोंदियाचा कुणी सर्जन हा लेख वाचेल. समोरच्या पेशंटला सांगेल, घाबरू नका, यात कुणी दगावत नाही. या थापेवर तुला पहिलं नाव हवंय?”

आत कुकरची शिट्टी झाली…

शलाकाला जतची ती शिवणकाम करणारी बाई आठवली. नवव्या दिवशी श्वासनळीचं झाकलेलं तोंड सुटलं होतं. बाईनं शलाकाचा अ‍ॅप्रन मुठीत घट्ट धरला होता. दुसरे तासगावचे शाळामास्तर. त्यांच्या मुलाला बाहेर जाऊन तिनंच सांगितलं होतं. रांगणेकर तेव्हा परिषदेला गेले होते.

तिनं चार पानं उभी फाडली. मोबाइल काढला आणि तिथंच बसून संपादकाला लिहिलं: शस्त्रक्रिया मी केल्या. पेशंट सव्वीस नव्हते, अठ्ठावीस होते. दोघांचा मृत्यू झाला. या लेखावर माझं नाव घालू नये. कागदपत्रं सोबत पाठवते.

पुढे व्हायचं ते झालं. लेख मागे घेतला गेला, रांगणेकरांनी तिच्यावर चौकशी लावली आणि पुण्याची जागा दुसऱ्याला मिळाली. पण ते सगळं नंतरचं. त्या दुपारी तिनं फक्त बटण दाबलं.

“गेलं?”

“गेलं, सर.” तिनं दोन्ही पंजे पुढे केले. बोटं लटलट कापत होती. “हे बघा. असे हात घेऊन मी उद्या ऑपरेशनच्या टेबलापाशी उभी कशी राहू?”

मुजावर सरांनी ते हात आपल्या हातांत घेतले. क्षणभर नुसते धरून ठेवले.

“या हातांखाली,” ते म्हणाले, “मी आज माझी छाती देईन.”