चिमाबाईने राखलेलं मडकं

भालगीर महाराज त्या काळी नदीकाठच्या गावांतून फिरत असत. बोरशेतच्या मठात ते कधी येतील आणि कधी निघतील याचा नेम नसे.

त्या गावी चिमाबाई कुंभारीण राहत असे. नवरा गेल्यावर अंगणातलं चाक आणि परसातला मडकी भाजायचा आवा, एवढ्यावर तिचं पोट चाले. लागेल तेवढीच माती ती तळ्यावरून आणी आणि फुटकी खापरं कुटून पुन्हा मातीत मिसळी. सात वर्षांपूर्वी तिच्या दारावरून जाताना महाराज म्हणाले होते, "माय, पुढच्या खेपेला तुझ्या घरचं पाणी पिऊ." त्या दिवसापासून तिचे डोळे वाटेला लागले. दर आव्यातलं एक नवं मडकं ती महाराजांसाठी राखून ठेवी आणि आधीचं विकून टाकी.

मठाचे कारभारी विसाजीपंत तिची थट्टा करीत. "चिमे, महाराज आमच्याकडे चांदीच्या गडव्यातून पाणी पितात. तुझं मडकं त्यांच्या ध्यानात कशाला राहील?"

"त्यास्नी नसंल, मला हाय न्हवं," चिमाबाई म्हणे.

एके दिवशी गावात एक निराधार म्हातारा वारला. अंत्यविधीच्या मडक्याला कुंभाराने नाही म्हणू नये, अशी रीत. नवी मडकी सगळी आव्यात भाजत होती, घरात राखलेलं तेवढं एकच होतं. चिमाबाईने ते पदराने पुसलं आणि देऊन टाकलं.

आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी महाराज मठात आले! दुपारी निघणार, असंही कळलं. आवा पुरता निवल्याशिवाय उघडायचा नसतो, हे कुंभाराच्या लेकरालाही ठाऊक असतं. पण तिला राहवलं नाही. तिने राख ओढली, गार वारा आत शिरला आणि मडकी तडातड तडकली. हाती आलं त्यालाही काठापासून बुडापर्यंत चीर गेली होती. ते उराशी धरून ती रडू लागली.

तेवढ्यात महाराज दारात उभे राहिले. मागे गडवा घेऊन पंत होते. "सात वर्षं थांबलीस, आणि आवा निवेपर्यंत दोन दिवस निघाले नाहीत?" पंत हसले.

महाराज म्हणाले, "माय, तहान लागली आहे. त्यातच पाणी भर."

"थेंब ऱ्हायचा न्हाई, देवा."

"भर तू."

तिने पाणी ओतलं. मडकं काठोकाठ भरलं, पण थेंबही गळला नाही. महाराज पोटभर प्याले. मग म्हणाले, "काल स्मशानात तुझं मडकं पाझरलं, ते पाणी माझ्याच मुखी पडलं. आज मी दुसऱ्यांदा प्यायलो."

चिमाबाईने पाय धरले. "आता पुन्हा कवा येशीला?"

"मडकं राखून ठेव," एवढंच बोलून महाराज वाटेला लागले. ते दिसेनासे झाले तरी तिची नजर वाटेवरच होती.

पंतांनी चिरेवरून बोट फिरवलं. नख आत गेलं, पण बोट कोरडंच राहिलं. त्यांनी गडवा खाली ठेवला आणि ओंजळ पुढे केली. "चिमाबाई, मलाही घाला थोडं."

पाणी पिऊन त्यांनी अंगणातल्या राखेतच तिच्यापुढे डोकं टेकलं.